दोन्ही अर्ज माझ्याच हातचे

तितरमारेंचा अर्ज मी लिहिला.
गल्लीत अजून माझंच अक्षर वाचता येतं म्हणतात.
तेहतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली,
हद्दी, खुणा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक,
हात आपसूक चालतो.

विषय : मानेवाडा ले-आउटातील मांजरीचा उपद्रव.
भिंतीवर पाखरांसाठी मातीचं भांडं ठेवतो, तितरमारे सांगत होते
(आडनावाला न शोभणारा छंद, हे मी लिहिलं नाही),
सेहेचाळीस डिग्रीत होले येतात चोच वासून,
अन् ही बया भांड्यामागे दबा धरून बसून राहते.
शिवाय गच्चीवरच्या ओल्या कुरडयांवर पावलं.
शिवाय स्कुटीची सीट, दोनदा.
शिवाय जावयाचा नवा बूट, त्याबद्दल काय लिहावं
ते तुम्हीच ठरवा.
तीन राखाडी पिसं कागदात बांधून आणली होती,
पुरावा म्हणून जोडायची का, विचारलं.
मी टाचणी दिली.

दिवेलागणीला गायधनेबाई आल्या, मागच्या दाराने.
भाऊजी, आमचाही एक लिहून द्या.
पोळी कुस्करली दुधात, तर काय माझी झाली का मांजर?
हे गेले त्या दिवाळीत जिन्यात येऊन बसली,
मी हाकललं नाही, एवढंच.
अन् ती का नकाशा पाहून चालते?
हे माझ्याकडे बघून म्हणाल्या.
मधली भिंत चार इंची, दोघांच्या पैशांची.
तिच्यावर त्याने संत्र्याची सालं वाळवून पसरली,
लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्या,
तोवर मी बोलली नाही.
पण परवा पाणी फेकलं, उकळतं.
पाठीचं चामडं निघालं, रुपयाएवढं.
बोटांनी रुपया करून दाखवला
आणि तो हात पदराखाली नेला.

मी लिहिलं : रुपयाएवढं.
खरं तर जास्त होतं, जुन्या पाच रुपयांच्या जाड नाण्याएवढं.
मला ठाऊक होतं, कारण त्या रात्री
माझ्या कूलरखालच्या ओलीत ती पाठ टेकत होती,
टेकवत नव्हती, पुन्हा टेकत होती,
आणि खोबरेल लावताना तिने मला जे ओरबाडलं
त्याचं मी घरात गुलाबाचं नाव सांगितलं.
साक्षीदाराचा रकाना दोन्ही अर्जांत कोराच गेला.

तेरा दिवसांनी झोन ऑफिसचं पत्र, दोन्ही घरी, एकाच मजकुराचं :
दोन्ही अर्जांतील हस्ताक्षर एकच दिसते.
प्राण्याच्या मालकाचे नाव नमूद नाही.
लेखी खुलासा करावा.

दोघंही आले, एकामागोमाग,
एकमेकांच्या चपला फाटकाशी ओळखून जरा थबकत.
खुर्च्या दोनच, मी उभा.
कूलरची घरघर, खसचा वास, कोणी बोलेना.
मग तितरमारे, कोणी विचारलेलं नसताना :
उकळतं नव्हतं हो. अंघोळीचं होतं.
बाईंनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही, नाही म्हणून नाही.
चिऊ म्हणते मी तिला, एवढंच म्हणाल्या,
आणि होले पाळणाऱ्या माणसाच्या तोंडावर
हसू आलं की आंबट काही, मला नीट दिसलं नाही.
लिहा तुम्हीच काय ते, म्हणून दोघं उठले.

आता रात्रीचे अकरा. कागद पुढ्यात.
सदर मांजर, वय अंदाजे चार, रंग पांढरा-काळा,
मालकी : निरंक.
चतुःसीमा येणेप्रमाणे :
पूर्वेस तितरमारे यांचे पाण्याचे भांडे,
पश्चिमेस गायधने यांचा जिना, तिसरी पायरी,
दक्षिणेस सामायिक भिंत व सुकलेली सालं,
उत्तरेस

टाकी भरताना आजही पाणी जरा सांडू दिलं.
खाली चाटल्याचा आवाज येतोय.
पाठीवर नवे केस फुटलेत, भुरे, कोणत्याच रंगात न बसणारे.
पेन हातात आहे.